पांढरी दाढी, काळी पेन्सिल

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांची तसबीर विदर्भातील असंख्य घरांत आढळते. ही मुद्रा रेखाटताना नवोदित चित्रकार बहुधा दाढीपाशी अडखळतो. एकेक केस ओढत गेल्यास दाढी चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी भासते. म्हणून प्रथम केसांचा एकसंध आकार पाहावा आणि त्याखालील हनुवटीची गोलाई छायेने दाखवावी. पांढऱ्या केसांसाठी कागद कोरा राखून केवळ सावलीचा भाग मऊ पेन्सिलीने भरावा. त्वचेलगतची कड पुसट ठेवावी. केसांच्या वाढीच्या दिशेने मोजक्या रेषा अखेरीसच द्याव्यात. रोज दर्शन घेणाऱ्या भाविकाची नजर केस मोजत नाही. ती चेहऱ्याची ओळख शोधते.