धीर कुठून येतो?

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती तरी घरांना कुलूप लागते. पाटोदा, शिरूर, धारूर, केज, कोणताही तालुका घ्या. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको, पोरंबाळं, भांडीकुंडी ट्रकात चढतात आणि ऊस तोडायला दूर निघतात. गावात राहतात ती म्हातारी माणसं. त्यांतली एखादी ख्रिस्ती आजी रोज दिवेलागणीला प्रार्थना करते, "देवबापा, माझी लेकरं सुखरूप आण." उन्हाळा लागतो. लेकरं घरी येतात, पण उचल फिटलेली नसते. पुन्हा पुढच्या साली जायचंच. मग आजीच्या मनात येतं, देव माझं ऐकतो की नाही?

असं मनात येणं हे पाप आहे, असं आम्हांला वाटत नाही. पवित्र शास्त्रातली स्तोत्रे वाचा. मोठमोठ्या भक्तांनीही देवाला विचारले आहे, अजून किती वाट पाहू? त्यांनी विचारले, रडले, रागावलेसुद्धा. पण देवाशी बोलणे त्यांनी सोडले नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात चाळिसावा अध्याय आहे. घरदार सोडून परक्या मुलखात कैदी होऊन गेलेल्या लोकांसाठी तो आहे. जे देवाची वाट पाहतात त्यांना नवे बळ मिळते, असे तिथे सांगितले आहे. ते गरुडासारखे वर जातील, धावतील आणि चालतील. आधी उडणे, मग धावणे, आणि सर्वांत शेवटी साधे चालणे! आम्हांला पुष्कळ दिवस हे उलटेच वाटत होते. पण डोक्यावर उसाची मोळी घेऊन जो चालला आहे, त्याला विचारा. एकदा जोर करून धावता येते. रोज चालायचे तर बळही रोज लागते.

असे रोजचे बळ एका बाईला कसे मिळाले, ते आता सांगतो.

पुण्याकडे ऊसतोडीला गेलेल्या काही जणांनी केडगाव पाहिले असेल. दौंडहून रेल्वेने पुण्याला जाताना हे स्टेशन लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्या काळी बाईला शिकवणे लोकांना खपत नसे. तरी त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले, आणि आईने रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव हिंडे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडून दिवस काढले, पण सरकारी काम तरी होते. या कुटुंबाला काहीच नव्हते. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. त्यातच आईवडील गेले, थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. त्या आणि त्यांचा भाऊ पायीच देशभर फिरले. १८८० साली भाऊ गेला. त्याच साली रमाबाईंचे लग्न झाले आणि १८८२ साली नवराही वारला. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता वाटेल, झाले, देव मिळाला, दुःख संपले. तसे झाले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले. मनाला खरा विसावा मिळायला आणखी आठ वर्षे गेली. एवढ्या शिकलेल्या बाईला आठ वर्षे लागली! मग आपल्याला चार रविवारच्या उपासनेत शांती मिळाली नाही, म्हणून हिरमुसून कसं चालेल?

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. उपाशी मुली आणि बायका पाहून त्यांना आपले लहानपण आठवले. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आपल्याकडे आणले. त्यांतूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेतल्या दुष्काळातूनही पुष्कळ मुली आल्या. इतक्या जणींना रोज भाकरी कुठून घालायची? बँकेत शिल्लक नव्हती, ठरलेले उत्पन्न नव्हते. रमाबाई म्हणत, देव बाप आहे, आजची भाकरी आज देईल.

पण हात जोडून त्या बसून राहिल्या नाहीत. पाण्यासाठी प्रार्थना केली आणि विहिरीही खणवल्या. शेती केली, गुरे पाळली, मुलींना विणकाम शिकवले. इथे आमचे बरेच लोक चुकतात. लेकराला ताप आला, तर प्रार्थना करावी आणि दवाखान्यातही न्यावे. नुसते घरी ठेवणे हा भरवसा नव्हे. मुकादमाने हिशेबात घोळ केला तर मान खाली घालून गप्प बसणे, हाही धीर नव्हे. हिशेब आपला आपल्याला वाचता यावा, म्हणून तर आपण अक्षरं गिरवली.

मुक्तीतल्या मुलींना शास्त्र वाचायला शिकवताना रमाबाईंना एक अडचण दिसली. जुन्या भाषांतरातली मराठी त्यांना अवघड जाई. तेव्हा साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळे पवित्र शास्त्र आणायचे त्यांनी ठरवले. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या, तेही वयाची चाळिशी उलटल्यावर! हे काम पंधरा वर्षांहून जास्त चालले. दिवसभर संस्थेचा व्याप, तब्येत नाजूक, कानांना कमी ऐकू येई. तरी रोज थोडे थोडे काम होत गेले.

काम संपत आले होते. मनोरमा आता आईचा उजवा हात झाली होती. आपल्यामागे तीच सगळे सांभाळील, असे रमाबाईंना वाटे. २४ जुलै १९२१ ला मनोरमा वारली. वय चाळीस. आईने किती प्रार्थना केल्या असतील! देवाने ती मुलगी का नेली, याचे उत्तर आमच्याजवळ नाही, आणि उगाच काहीतरी सांगून आम्ही कुणाची समजूत घालणार नाही. रमाबाईंनी पुढे काय केले, तेवढे सांगता येते. त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. छापायचे कागद एकेक करून तपासू लागल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटचे कागद त्याआधी तपासून झाले होते, असे सांगतात. ते पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापून पुरे झाले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या बायकांनी केली. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून आल्या होत्या. आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.