नट-बोल्ट आणि ग्रंथालय

पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या एखाद्या नीटनेटक्या वर्कशॉपमध्ये जा, टूलरूमच्या भिंतीवर पाने-पकडी टांगलेल्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली दिसते. बारा-तेराचा पाना जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. शोधणाऱ्याचा वेळ वाचवणारी ही साधी मांडणी मला फार मोलाची वाटते.

माहितीची अशी मांडणी करण्याचा ध्यास एस. आर. रंगनाथन यांनी घेतला. मुळात ते गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट. पण जोडणी बदलली की नवं यंत्र तयार! विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, हे त्यांना तिथे सुचलं. १९३३ मध्ये त्यांची ग्रंथांसाठीची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

त्यांनी विषयाचे पाच पैलू मानले. ‘१९८०च्या दशकात आकुर्डीत झालेली स्कूटरची जोडणी’ हा विषय घ्या. मुख्य वस्तू स्कूटर, द्रव्य पोलाद, क्रिया जोडणी, स्थळ आकुर्डी, काळ १९८०चं दशक. आता यातलं काहीही एक आठवलं तरी माणूस त्या विषयावरच्या कागदापर्यंत पोहोचतो. एकाच खणात कोंबलेल्या फायलीला ही सोय नसते. आज खरेदीच्या ॲपवर आपण किंमत, रंग, आकार निवडत जातो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

तुमच्या कारखान्यात जुनी ड्रॉइंग्ज असतील, तर त्यांच्यावर भाग, धातू, प्रक्रिया, विभाग आणि वर्ष एवढं आजच लिहून ठेवा.