आधी उजेड पाहा, मग झाड
वसई-विरारच्या फ्लॅटमध्ये पहिली कुंडी ठेवणाऱ्यांसाठी

पहाटेच्या विरार लोकलने सोनचाफा आणि मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. ही फुलं येतात रेल्वेमार्गाच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमधून. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर केळी, फुलं आणि पानवेल पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. हा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. दुसरीकडे नालासोपारा, विरार आणि वसई रोडभोवती इमारतींची दाटी वाढत गेली. २००९मध्ये महापालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. यांतल्या असंख्य घरांच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे खिडकीचं ग्रिल आणि हॉलचा एक कोपरा.

त्या कोपऱ्यासाठी नवखा माणूस नर्सरीत जातो आणि ओळखीचं झाड उचलतो. मोगरा, जास्वंद, गुलाब. महिन्याभरात कळ्या गळतात, फांद्या लांबट आणि फिक्या होतात. मग ‘आमच्या हाताला झाड लागत नाही’ असं ठरवून रिकामी कुंडी गॅलरीत जाते. हाताचा यात काही दोष नसतो. मोगरा आणि जास्वंदाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि ते हॉलमध्ये मिळत नाही.

माणसाचा डोळा कमी उजेडाला चटकन सरावतो, म्हणून घर आहे त्याहून उजळ वाटतं. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात दिवसाही तो शंभर-दोनशे लक्सच्या घरात उतरलेला असतो. झाड याच उजेडावर आपलं अन्न तयार करतं. तेव्हा कुंडी घेण्याआधी घर तपासावं. दुपारी बाराच्या सुमारास दिवे बंद करून, झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद धरायचा आणि त्यावर वीतभर अंतरावर हात धरायचा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर. पुसट पडली तर सावलीतली झाडं तिथे जगतील. सावली पडलीच नाही, तर त्या जागी दिवा लावल्याशिवाय कोणतंही झाड फार काळ टिकणार नाही.

खिडकीची दिशाही ऋतूप्रमाणे पाहावी लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चांगलं आत येतं. वसईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यात पावसाचे ढग. जानेवारीत खुललेली कुंडी जुलैत खिडकीच्या आणखी जवळ सरकवावी लागते ती यामुळेच. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल तर पूर्व-पश्चिमेच्या हिशेबापेक्षा कागदावरच्या सावलीवर विश्वास ठेवलेला बरा.

टिकणारी मंडळी

घरात सहज टिकणारी बहुतेक झाडं मुळात सावलीतली किंवा कोरड्या प्रदेशातली आहेत. मनीप्लांट हा ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावरचा वेल. जंगलात तो मोठ्या झाडांच्या खोडावर चढतो, म्हणून कमी उजेड त्याला चालतो. चढायला आधार मिळाला की त्याची पानं मोठी होतात, लोंबकळत सोडला की लहान राहतात. वाडीतल्या आंब्यावर चढलेल्या मनीप्लांटची पानं सुपाएवढी दिसतात ती त्यामुळे. फ्लॅटमध्ये काथ्या गुंडाळलेली काठी तेच काम करते.

स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. त्याची जाड पानं पाणी साठवतात आणि पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसं उडून जात नाही. पूर्व आफ्रिकेतलं झेडझेड प्लांट मातीखालच्या गाठाळ कंदांत पाणी राखून ठेवतं. सकाळची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्या, सुट्टीत पंधरा दिवस गावी जाणाऱ्या कुटुंबांना ही दोन्ही झाडं सोयीची. दक्षिण आफ्रिकेतलं स्पायडर प्लांट थोडा जास्त उजेड मागतं, पण पाणी कमी पडलं की पानं मऊ पाडून वेळीच सांगतं.

या यादीत वसईच्या ओळखीची नागवेलही घ्यायला हवी. विड्याच्या पानांचा हा वेल सावली आणि दमट हवा या दोन्हींवर वाढतो, आणि किनाऱ्यालगतच्या या शहरात दमटपणाची कमतरता नाही. थेट दुपारचं ऊन न येणाऱ्या गॅलरीत, ग्रिलच्या आधाराने तो छान चढतो. फक्त त्याची माती स्नेक प्लांटसारखी पूर्ण कोरडी पडू देऊ नये.

पाणी घालण्याआधी बोट

घरातली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने अधिक मरतात. मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधली हवेची जागा सतत पाण्याने भरलेली राहिली की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागून कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. मालकाला वाटतं झाड तहानलेलं आहे, आणि तो आणखी पाणी घालतो.

यावर उपाय सोपा आहे: बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर पाणी घालायचं नाही. स्नेक प्लांट आणि झेडझेडची माती तळापर्यंत सुकू द्यायची. पाणी घालायचं तेव्हा मात्र तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की तीच कुंडी सुकायला दुप्पट वेळ घेते. मेमधलं वेळापत्रक जुलैत चालवलं तर मुळं कुजणारच. नर्सरीतलं रोप नुसत्या कोकोपीटमध्ये असेल तर ते पाणी फार धरून ठेवतं. त्यात माती, गांडूळखत आणि जाड वाळू मिसळून घ्यावी.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असले तर मातीवर पांढरा थर जमतो आणि पानांची टोकं करपतात. पावसात कुंडी दोन-तीन तास बाहेर ठेवली की हे क्षार बरेचसे धुऊन जातात.

बाटलीतला मनीप्लांट आणि कुंडीखालची बशी याबाबत एक नियम कटाक्षाने पाळायला हवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच थोड्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर आठवड्याला पाणी बदललं, बाटली आतून घासली, की ही साखळी तुटते.

हवा शुद्ध करणारी झाडं?

नर्सरीतल्या पाट्यांवरचा हा दावा १९८९च्या नासाच्या प्रयोगातून आला. तो प्रयोग लहान बंद पेटीत झाला होता. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र तपासणी झाली तेव्हा असं दिसलं, की नेहमीच्या घरात खेळत्या हवेने जेवढी शुद्धी होते, तेवढी साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. झाड घरात असावं ते त्याच्या हिरवेपणासाठी आणि त्याची निगा राखण्यातल्या समाधानासाठी. हवेसाठी खिडकी उघडावी.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट, झेडझेड, पीस लिली आणि डिफेनबेकिया उंचावर ठेवावीत. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. स्पायडर प्लांट तुलनेने निर्धोक.

पहिली कुंडी वर्षभर टिकली की तिच्यापासून दुसरी करता येते, आणि त्यासाठी पावसाळ्याची सुरुवात उत्तम. मनीप्लांटचा तुकडा पेराखाली कापावा, कारण मुळं पेरातूनच फुटतात. स्पायडर प्लांटची लोंबणारी पिल्लं थेट मातीत लावता येतात. स्नेक प्लांटच्या पानाचा तुकडाही रुजतो, पण पिवळ्या कडेच्या जातीत त्यातून येणारं नवं रोप साधं हिरवं निघतं. पिवळी कड हवी असेल तर कुंडी उपडी करून कंदच विभागावा आणि शेजाऱ्याला त्यातला एक भाग मुळांसकट द्यावा.