पेत्राची बोली

दाढी चिकटवण्याआधी घाम पुसावा लागतो. ओल्या कातडीवर स्पिरिट गम धरत नाही. मार्च सरत आला होता, संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तरी बल्लारपूरच्या भिंती दिवसभराचं ऊन अजून ओकत होत्या. धर्मशिक्षणाच्या वर्गाचाच रंगपट केलेला. एका पंख्याखाली, एका आरशापुढे आम्ही वीसेक जण. गालावर गमाचा पातळ हात फिरवायचा, मिनिटभर थांबायचं, बोट टेकवून पाहायचं. तार सुटायला लागली की क्रेपचा पुंजका दाबायचा आणि ओल्या फडक्याने धरून ठेवायचा. बव्हेरियातल्या ओबरआमरगाउ गावात १६३४ पासून येशूच्या दुःखसहनाचं नाटक होतं, साधारण दर दहा वर्षांनी. तिथे नट आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासूनच केसांना कात्री लावत नाहीत. आमच्यात नोकरीवाले जास्त, त्यामुळे दाढी त्या रात्रीपुरती.

झावळ्यांचा रविवार, आमचा पहिला प्रयोग, आणि मी पेत्र, येशूचा शिष्य.

हे गाव एका भाषेचं कधीच नव्हतं. कागद मिल, कोळशाच्या खाणी, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं बल्हारशाह जंक्शन, सागवानाचा डेपो. जिथे काम तिथे माणूस आला. वर्धा ओलांडली की राजुरा, पूर्वीचा निजामाचा मुलूख, म्हणून तेलुगू इथे परकी नाही. १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे चांद्याचं मिशन आलं, १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, आणि त्याचं कॅथेड्रल आजही बल्लारपुरातच आहे. आमच्या नाटकातला येशू घरी तेलुगू बोलतो, पिलात मल्याळम. माझी आई मूलकडची, म्हणून माझ्या तोंडात पूर्व विदर्भातली झाडीबोली. सगळ्यांचं नाटक मात्र मराठीत.

तालमी पाळ्यांच्या हिशेबाने चालल्या. दोन ते दहाची पाळी करून महायाजक कयफा यायचा तेव्हा साडेदहा झालेले असायचे. संहिता लिहिणारे आणि बसवणारे सर निवृत्त शिक्षक, उच्चारांना फार जपणारे. त्यांचा लाल पेन माझ्या ‘ण’ आणि ‘ळ’वर येऊन अडायचा. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’: पाणी ते पानी, डोळा तो डोरा, जवळ ते जवर. मी घोकून घोकून शुद्ध बोलायला लागलो, आणि पेत्र माझ्या हातून निसटला. वाक्य बरोबर यायचं, माणूस यायचा नाही.

मग एका रात्री आम्ही पेत्र येशूची ओळख नाकारतो तो प्रवेश घेतला. येशूला पकडून नेलंय, महायाजकाच्या अंगणात पेत्र शेकोटीशी बसलाय, आणि लोक त्याला ओळखतात. ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण तो कशावरून सापडला हे मत्तयाने नेमकं सांगितलंय: बोलण्यावरून. पेत्र गालीलचा कोळी. यरुशलेमेत त्याने तोंड उघडलं की तो कुठला ते कळायचं. सर वही घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “भाऊ, मीच चुकत होतो. उद्यापासून पेत्र तुझ्या आईच्या बोलीत बोलेल.”

मला आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. झाडीपट्टीच्या नाटकांत आमची बोली बहुतेक वेळा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. लोक तिच्यावर हसायला शिकलेत. पेत्राच्या तोंडून ती आली की हसतील?

रंगमंच झाडीपट्टीच्याच धाटणीचा. दिवाळीनंतर सुरू होणारा वडसा-देसाईगंजचा हंगाम होळीच्या सुमाराला ओसरतो, तेव्हा पडदे भाड्याने मिळतात. आमच्या महायाजकाचा वाडा म्हणजे कुठल्याशा सामाजिक नाटकातल्या पाटलाच्या वाड्याचा पडदा होता. वरून तीन माईक लटकलेले. वाक्य म्हणायचं तर कुठल्या तरी माईकखाली पोचायलाच हवं, म्हणून सगळ्या हालचाली त्या तीन जागांभोवती बेतलेल्या. समोर पेटी आणि तबला, डाव्या विंगेत प्रॉम्प्टर. तिसऱ्या घंटेआधी आम्ही गोल करून हात धरले आणि प्रार्थना केली. पडदेवाल्यांनी विंगेशी नारळ फोडला, तोवर आम्ही थांबलो. मग सगळ्यांनी मिळून खोबरं खाल्लं.

शेकोटी म्हणजे एक जुनी शेगडी. तिच्यात विझलेले कोळसे, खाली बल्ब, वर लाल जिलेटिन. घामाने निथळत असताना थंडी वाजल्याचं दाखवायचं होतं. सरांनी एक युक्ती शिकवली होती: थरथरायचं नाही, खांदे कानांकडे ओढायचे आणि तळवे सावकाश चोळायचे. हिवाळ्यात पाळीवरून येणारा माणूस चहाच्या टपरीवर उभा असतो, तसं.

दासी झालेली मुलगी पुढे आली. तिने विचारलं, मी म्हणालो, “मले काई ठाव नाई, बाई. मी इतं शेकोटीजवर बसलो, बस.”

हसले. मागच्या सतरंज्यांवरून सुरू झालेलं हसू पुढपर्यंत आलं. पोटात खड्डा पडला. त्याच क्षणी डाव्या गालावरची दाढी सुटतेय असं जाणवलं. मी तळहात गालावर दाबला आणि तोंड उजेडापासून फिरवलं. तालमीत असं काहीच ठरलं नव्हतं. पण तोंड लपवल्यावर कळलं, पेत्राला त्या घडीला हेच करायचं असणार. पुढचा सगळा प्रवेश मी तसाच केला.

दुसऱ्यांदा विचारलं. “मी कोनासंग नोहतो.” या वेळी हसू तुरळक होतं.

तिसऱ्यांदा एक शिपाई आला आणि म्हणाला, तुझी बोलीच सांगतेय तू कुठला ते. मैदान गप्प झालं. ती बोली तिथे बसलेल्या कित्येकांची होती. दवाखान्यात, कचेरीत, कॉलेजच्या मुलाखतीत याच एका गोष्टीवरून त्यांनाही कुणी तरी ओळखलेलं असणार. मी ओरडलो, “त्याचं-माहं काई नातं नाई!”

विंगेतून कोंबडा आरवला. गायनवृंदातले एक काका तो आवाज काढतात. रेकॉर्डिंगवर त्यांचा विश्वास नाही, महिनाभर पहाटे सराव केलेला. बांधलेल्या हातांनी येशू मागून गेला, थांबला, माझ्याकडे पाहिलं. लूकने ही नजर लिहून ठेवलीय. तालमीत ती पन्नासदा झेलली होती. त्या रात्री मला मान वर करता आली नाही.

विंगेत आलो तेव्हा दासी पाण्याचा गडू घेऊन उभी होती. काही न बोलता तिने माझा गाल पुसला, नव्याने गम लावला, फडकं दाबून धरलं. वेळ कमी होता. शेवटच्या प्रवेशात पेत्र पुन्हा येतो. पुनरुत्थानानंतरची पहाट, सरोवराचा काठ, येशूने निखाऱ्यांवर मासे ठेवलेत, आणि तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती आहे का. नव्या करारात कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी येतो, दोन्ही योहानाकडे: अंगणातला आणि हा. म्हणून सरांनी दुसरी शेगडी आणू दिली नव्हती.

पडद्यामागे दोघांनी तीच शेगडी उचलून डाव्या माईकखाली ठेवली. बल्ब लागला. मी गालावरचा हात काढून पाहिला, दाढी धरली होती. प्रॉम्प्टरने वही मिटली आणि मान हलवली. मी “हो देवा” एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं, आई म्हणते तसं, आणि आत शिरलो.