भाजते ती वीट: परसातल्या पिझ्झाभट्टीविषयीचे गैरसमज

मंडईच्या आसपासच्या पेठांत आता परस उरलेले नाहीत. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या आणि मागच्या अंगणात वाहने उभी राहू लागली. तरीही विटांच्या घुमटी भट्टीत घरचा पिझ्झा भाजण्याची हौस पुण्यात वाढते आहे. कोणाचे मुळशीकडे शेतघर असते, कोणाच्या बंगल्यामागे मोकळी जागा असते, तर कोणाची नजर सोसायटीच्या गच्चीवर असते. ही हौस चांगलीच आहे. मात्र भट्टीचे काम टनभर वजनाचे असते. ऐकीव माहितीवर बांधलेली भट्टी दुरुस्त करता येत नाही, ती पाडावीच लागते. म्हणून पहिली वीट ठेवण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या समजून घ्यायला हव्यात.

बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे: भट्टीत पदार्थ जाळावर भाजला जातो, ही समजूत. खरे तर जाळ विटा तापवतो आणि तापलेल्या विटा पदार्थ भाजतात. तळ खालून चटका देतो, घुमट वरून उष्णता सोडतो आणि गरम हवा मधून फिरत राहते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

गैरसमज: घुमटी भट्टी ही परदेशी चीज आहे, आपल्या गवंड्याला ती जमणार नाही.

वस्तुस्थिती: गोव्यातला पोदेर पिढ्यान्‌पिढ्या अशाच भट्टीत पाव भाजत आला आहे. लाकूड भट्टीच्या आतच जाळायचे, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे, तळ साफ करायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून पोई, उंडे आत सरकवायचे, ही त्याची रीत. पुण्यात कॅम्पातली १९५५ सालची कयानी बेकरी लाकडाच्या भट्टीसाठीही ओळखली जाते.

घुमट बांधण्याचे तंत्रही आपल्याला नवे नाही. विजापूरचा गोलघुमट सतराव्या शतकातला, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. घुमटात विटांचे एकेक कडे पूर्ण झाले की ते स्वतःच्या बळावर उभे राहते, कारण त्यातली प्रत्येक वीट शेजारच्या दोन विटांमध्ये आवळली जाते. आधार लागतो तो कडे पुरे होईपर्यंतच. त्यासाठी मधोमध एक फिरती दांडी लावून तिच्या टोकाने प्रत्येक वीट केंद्रापासून सारख्या अंतरावर धरतात. विटेचे काम हाताला असलेला गवंडी हे एका दिवसात आत्मसात करू शकतो.

गैरसमज: जागा नसेल तर गच्चीवर बांधू.

वस्तुस्थिती: हा सगळ्यात धोक्याचा गैरसमज आहे, म्हणून हिशेबच मांडू. घुमट आतून ३६ इंच व्यासाचा आणि साडेचार इंच जाडीचा धरला, तर त्याच्या नुसत्या विटांचेच वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जाते. त्यात तळ, तोंडाची कमान, गिलावा आणि खालचा स्लॅब मिळवला की आकडा टन ओलांडतो. उभारणीचा ओटा त्याहून वेगळा. उलट, लोकांच्या वावराची गच्ची बांधताना भारतीय मानकानुसार चौरस मीटरमागे साधारण दीडशे किलोचा भार धरतात. भट्टीला दीड मीटर बाय दीड मीटर जागा लागते. त्या हिशेबाने तेवढ्या जागेच्या वाट्याला साडेतीनशे किलोही येत नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्यावाचून गच्चीचा विचारच करू नये. गॅलरी तर मुळीच नको.

गैरसमज: जमीन चोपून सपाट केली की पाया झाला.

वस्तुस्थिती: पुणे जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचे बांधकाम हलवते. माती उकरून पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जायचे, सोलिंग करायचे, मग सळईचा स्लॅब टाकायचा. इथे वाचवलेले दोन दिवस पुढे घुमटाच्या तड्यांतून वसूल होतात.

गैरसमज: वीट ती वीट, कोणतीही चालते.

वस्तुस्थिती: चांगली भाजलेली लाल वीट घुमटाला चालू शकते, कारण ती भट्टीतूनच निघालेली असते. वारंवार तापून ती कालांतराने झिजते, एवढाच तिचा दोष. राखेची म्हणजे फ्लाय अ‍ॅशची वीट आणि सिपोरेक्सचे ठोकळे मात्र आगीच्या तोंडाशी वापरू नयेत. त्यांना बांधून ठेवणारे घटक एवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. खालच्या ओट्याला हवे तर ते वापरा.

आतल्या बाजूला उत्तम ठरते ती फायरब्रिक. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत भट्ट्यांना आतून हीच वीट लावतात, त्यामुळे पुण्यात ती मिळणे अवघड नाही. प्रचलित माप ९ × ४½ × ३ इंच. वर सांगितलेल्या घुमटाला अर्ध्या कापलेल्या विटांच्या हिशेबाने शंभराच्या आसपास अख्ख्या विटा लागतात आणि तळाला चाळीसेक. तोंडाची कमान आणि तूटफूट यांच्यासाठी वर आणखी घ्याव्यात.

गैरसमज: तळाला शहाबादी फरशी किंवा कडाप्पा घातला की काम देखणे होते.

वस्तुस्थिती: दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि थरांचे बनलेले आहेत. चारशे अंशांवर ते तडकतात, त्यांचे पापुद्रे सुटतात आणि खड्याचा कण पिझ्झ्याला चिकटून थेट दाताखाली येतो. नदीतले गोटेही टाळावेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. तळाला फायरब्रिकच हवी. ती वाळूच्या पातळ थरावर, मसाला न लावता, घट्ट भिडवून बसवावी. एखादी वीट खराब झाली तर तेवढीच काढून बदलता येते.

गैरसमज: सिमेंट जास्त घातले की भट्टी जास्त मजबूत.

वस्तुस्थिती: इमारतीतला हा गुण भट्टीत दोष ठरतो. नेहमीच्या सिमेंटची ताकद सुमारे ३०० अंशांच्या पुढे घटू लागते, आणि चारशे-पाचशे अंशांच्या दरम्यान त्यात बांधलेले पाणी सुटून सांधे भुसभुशीत होतात. १८८६ मध्ये मंडईची दगडी इमारत उभी राहिली तेव्हा भारतात सिमेंट तयारही होत नव्हते. त्या काळची बांधकामे चुन्यावर उभी राहिली. भट्टीसाठीही फायरक्ले, बारीक वाळू आणि चुना यांचा मसाला योग्य. आतल्या बाजूने विटा जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या असाव्यात आणि मसाल्याची पाचर बाहेरच्या बाजूने भरावी. सांधा जितका बारीक, तितकी भट्टी दीर्घायुषी.

गैरसमज: भिंत जितकी जाड, तितकी भट्टी चांगली.

वस्तुस्थिती: बेकरीवाल्याची भट्टी जाड असते, कारण ती रोज पेटते आणि सहसा पूर्ण थंड होत नाही. घरची भट्टी आठवड्याने किंवा महिन्याने पेटणार. नऊ इंची भिंत तापवण्यातच दुपार जाईल आणि लाकूड संपेल. घरी साडेचार इंच पुरे. बाकीची जाडी उष्णता अडवणाऱ्या थराला द्यावी: घुमटावर दोन-तीन इंच सिरॅमिक ब्लँकेट, त्यावर पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइटचा गिलावा. तळाच्या विटांखालीही असाच थर हवा. बहुतेक जण नेमका तोच विसरतात, आणि सगळी उष्णता खालचा स्लॅब पिऊन टाकतो. सिरॅमिक ब्लँकेट कापताना त्याचे सूक्ष्म तंतू उडतात आणि ते फुप्फुसांना घातक असतात. मास्क, हातमोजे आणि चष्मा वापराच, आणि ते काम मुले जवळ असताना करू नका.

गैरसमज: धुराडे घुमटाच्या माथ्यावर हवे, आणि दार मोठे असले की जाळ छान लागतो.

वस्तुस्थिती: माथ्यावर भोक ठेवले तर सगळ्यात गरम हवा तिथूनच निघून जाईल. धुराडे तोंडाच्या बाहेरच्या कमानीवर असते. थंड हवा तोंडाच्या खालच्या भागातून आत शिरते, जाळावरून वर चढते, घुमटाला घासून पुढे येते आणि त्याच तोंडाच्या वरच्या भागातून बाहेर पडते. यासाठी तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. घुमट आतून १८ इंच उंच असेल, तर तोंड साधारण सव्वाअकरा इंच. त्याहून मोठे तोंड उष्णता सांडते, लहान तोंड भट्टीचा श्वास कोंडते.

गैरसमज: बांधून झाली की पेटवायची, तडा गेला तर काम वाईट.

वस्तुस्थिती: ओल्या सांध्यांत पाणी असते. एकदम जाळ केला तर त्याची वाफ होऊन मसाला फुटतो. आठवडाभर वाळू द्यावे, मग सलग पाच-सहा दिवस छोटे जाळ करावेत: पहिल्या दिवशी दीडशे अंशांच्या आत, पुढे रोज पन्नासेक अंश वाढवत. तरीही केसासारखे बारीक तडे जातात आणि त्यांत भिण्यासारखे काही नसते. अर्धगोल घुमट माथ्यापासून सुमारे ५२ अंशांखाली बाहेर फाकू पाहतो, म्हणून बुडाशी बाहेरून भक्कम टेकण द्यावी लागते. काळजी करावी ती रुंदावत जाणाऱ्या तड्याची. पुण्याचा पावसाळा चार महिन्यांचा असल्याने भट्टीवर छप्पर हवेच. पावसाळा सरला की पुन्हा मंद जाळापासून सुरुवात करावी.

गैरसमज: धुरामुळे पिझ्झ्याला चव येते, म्हणून कोणतेही लाकूड चालते.

वस्तुस्थिती: नेपल्सच्या पिझ्झा संघटनेच्या नियमांत घुमट सुमारे ४८५ अंश आणि भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद आहे. एवढ्या वेळात धूर पिठात मुरत नाही. चव येते ती प्रखर उष्णतेने कडा फुगून डाग पडल्यामुळे. भट्टी तयार झाल्याची खूण घुमटच देतो: आधी काजळीने काळा होतो, पुढे काजळी जळून जाते आणि विटा स्वच्छ दिसू लागतात. तोवर दीड-दोन तास जातात.

लाकूड बाभळीचे किंवा आंब्याचे, पुरते वाळलेले असावे. प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी, जुन्या फर्निचरचे तुकडे कधीही जाळू नयेत. त्यांतला रंग आणि गोंद विषारी धूर सोडतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. घरची भट्टी त्या आदेशात येत नसली, तरी शेजाऱ्याचा दमा तोच असतो. दाट वस्तीत लाकडाची भट्टी बांधूच नये. तोच विटांचा घुमट योग्य बर्नर लावून गॅसवरही तापतो, आणि भाजणारी वीटच असल्याने पिझ्झ्यात फारसा फरक पडत नाही. बंद खोलीत मात्र ती कधीच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गैरसमज: पिझ्झ्याशिवाय या भट्टीचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती: खरा उपयोग पिझ्झा संपल्यावर सुरू होतो. निखारे काढून दार लावले की उतरत्या आचेवर आधी पाव, मग भरताची वांगी, अख्खे कांदे आणि लसणाचे गड्डे भाजून निघतात. रात्री मातीच्या भांड्यात ठेवलेला राजमा सकाळी लोण्यासारखा शिजलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या उबेत रताळी आणि शेंगा होतात. हे सगळे मंडईतल्या एका फेरीत मिळते आणि त्यासाठी एकही नवे लाकूड लागत नाही.

म्हणून बांधायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: एकदा तापवलेल्या विटांच्या उष्णतेत आपण काय काय भाजणार? यादी पिझ्झ्यापाशीच थांबत असेल, तर गॅसचा लहान ओव्हन घेणे शहाणपणाचे. यादी लांब असेल, खाली मुरूम असेल आणि धूर कोणाच्या खिडकीत जात नसेल, तर गवंड्याला बोलवा आणि कामाला लागा.