चिंचेचा ठोकळा

मटणाच्या दुकानात सत्तूर ज्या ओंडक्यावर पडतो, तो बहुधा चिंचेचा असतो. घरच्या ठोकळ्यासाठी मीही वखारीत चिंचच मागितली. हे लाकूड जड आणि चिवट; घावाने त्याच्या ढलप्या सहसा उडत नाहीत. सागाचा मोह होतो, पण सागातली सिलिका सुरीची धार लवकर घालवते. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या तर नकोतच. त्यांच्यावरच्या शिक्क्यात ‘एमबी’ अक्षरं असतील, तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते.

ओंडक्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर तो घ्यायचा नाही. चिंचेचा बाहेरचा फिकट भाग किडे चटकन पोखरतात.

ओंडका आडवा कापला की तंतू उभे राहतात. सुरी त्यांच्या मधून शिरते. धार टिकते, चरे कमी पडतात. पण याच उघड्या तोंडांतून पाणी झपाट्याने उडतं. लाकूड वलयांच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं, केंद्राच्या दिशेने तेवढं नाही; म्हणून ते तडकतं. दोन्ही तोंडांना मेण फासून ओंडका सावलीत, विटांवर सुकवावा. मधूनमधून वजन करावं. वजन उतरायचं थांबलं, की मेण खरवडून रंधा मारायचा आणि पॉलिश पेपरने घासायचं.

घासलेल्या लाकडावर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनचा थर दिला, तर तो सत्तुराखाली फुटतो आणि त्याचे कण अन्नात जातात. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात ते लवकर सुकावं म्हणून बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन हे तेल मात्र खवटही होत नाही आणि त्याला वासही नसतो. ते कोमट करून, लाकूड पिणं थांबेपर्यंत चोळायचं. वरून चार भाग तेलात एक भाग मधमाश्यांचं मेण वितळवून लावायचं. हा हात अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डीन क्लायव्हर यांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लाकडात शोषले गेलेले जंतू वाढले नाहीत. तरी धुण्याला पर्याय नाही. मांसाचा ठोकळा भाजीला वापरू नये. काम होताच तो गरम पाण्याने आणि साबणाने घासावा, पुसावा आणि दोन्ही बाजूंना वारा लागेल असा उभा ठेवावा. तेल कितीही चांगलं असलं, तरी ओला राहणारा ठोकळा सुरक्षित नसतो.