डोळ्यांची चुरचुर व आमचा हलगर्जीपणा

डोळा फुटला तर सारा गांव धांवून येतो. डोळा चुरचुरतो म्हणून कोणी कुरकुर केली तर घरांतलें माणूसहि मान वर करून पाहत नाहीं. जें दुखणें माणसाला अंथरुणावर पाडीत नाहीं तें दुखणेंच नव्हे, असा आमच्या समाजाचा जुना सिद्धांत आहे. चुलीपुढें वीस वर्षें डोळे पुशीत बसलेली गृहिणी, चैत्र लागला कीं मुठींनीं डोळे चोळणारा शाळकरी पोर, आणि दिवसभर संगणकाच्या पडद्याकडे टक लावून संध्याकाळीं लाल डोळ्यांनीं घरीं येणारा कारकून, या तिघांचीं दुखणीं तीन प्रकारचीं, पण तिघांनाहि उत्तर एकच मिळतें: "उष्णता झाली असेल." उपायहि एकच, कोपऱ्यावरच्या दुकानांतून आणलेली थेंबांची बाटली. चुरचुर ही रोगाची खूण आहे. खूण कशाची हें न पाहतां ती पुसून टाकण्याची जी घाई आम्ही करतों, तिच्यापायीं कित्येकांच्या दृष्टीची हानि झाली आहे. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयास आज आम्ही जागा देत आहों.

प्रथम धुराविषयीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत, आणि त्यांचीं कारणें सांगतांना धुराचें सेवन, झोपेचा विपर्यास, अश्रू दाबून धरणें व बारीक वस्तूंकडे सतत पाहणें हीं नमूद केलीं आहेत. सुश्रुताचा अभिमान मिरविणाऱ्यांस आपल्याच स्वयंपाकघराच्या छपराला धुराडें बसविण्याची बुद्धि होऊं नये, हें मोठें आश्चर्य होय! २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू झाली व लक्षावधि घरांत गॅस पोंचला, हें मान्य केलेंच पाहिजे. पण टाकी संपली कीं दुसरी भरून आणण्यास पैसा नसतो, आणि पऱ्हाट्या, तुराट्या व गोंवऱ्या फुकट मिळतात. तेव्हां पुष्कळ घरीं चूल पुन्हा पेटते. त्या चुलीच्या धुरानें डोळे केवळ चुरचुरतात असें नव्हे, तर मोतीबिंदूचाहि धोका वाढतो असें अनेक पाहण्यांत दिसून आलें आहे. गॅस परवडत नसेल तेथें निदान धुराडें, खिडकी व वाळलेलें सरपण एवढें तरी घरच्या पुरुषांनीं करून द्यावें. त्यास सरकारची मंजुरी लागत नाहीं.

खुपऱ्यांची गोष्ट याच घरांतली. घाणेरड्या बोटांनीं, एकाच पंचानें अनेकांचीं तोंडें पुसण्यानें व माशांनीं पसरणाऱ्या या रोगाविरुद्ध १९६३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतांतून त्याचें निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं मान्य केलें. ही आनंदाची वार्ता खरी. परंतु ज्या म्हाताऱ्या बायकांच्या पापण्या लहानपणींच्या खुपऱ्यांनीं आंत वळल्या, त्यांच्या पापणीचे केंस अद्यापि बुबुळावर घांसत आहेत. त्या चिमट्यानें केंस उपटतात, महिन्या-दीड महिन्यानें ते पुन्हा येतात, आणि कोंवळे केंस अधिकच टोंचतात. लहानशा शस्त्रक्रियेनें पापणी सरळ करतां येते, हें त्यांना कोणी सांगावें?

आतां शहराकडे वळूं. मनुष्य स्वस्थ असतां मिनिटास पंधरा-वीस वेळां पापणी लववतो; पडद्याकडे टक लावली कीं हें प्रमाण निम्म्याहूनहि खालीं येतें. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो त्यावर तेलाची साय असते. तें तेल पापण्यांच्या कडांतील बारीक ग्रंथींतून येतें. पापणी नीट मिटली नाहीं, किंवा त्या ग्रंथी बुजल्या, कीं थर फाटतो व डोळा कोरडा पडतो. कोरडा डोळा पुष्कळदां पाण्यानें भरून वाहतो, म्हणून रोग्यास 'माझा डोळा कोरडा आहे' हें पटतच नाहीं. पण तें पाणी चुरचुरीला उत्तर म्हणून एकदम लोटलेलें असतें, त्यांत टिकाऊपणा नसतो. वातानुकूलित खोली, तोंडावर सोडलेला पंखा, ऋतुनिवृत्तीचें वय, मधुमेह, आणि सर्दी-खाजेवरील कित्येक गोळ्या यांनीं हा कोरडेपणा वाढतो. दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावें, पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्या, पडदा नजरेच्या किंचित् खालीं ठेवावा, पंख्याची दिशा बदलावी. कृत्रिम अश्रूंचे थेंब निरुपद्रवी आहेत. मात्र दिवसांतून चार-सहा वेळांहून अधिक घालावे लागत असतील तर त्यांत टिकविण्याचें रसायन नसलेले घ्यावे, कारण तें रसायनच पुढें डोळ्यास बाधतें. लाली तात्काळ घालविणारे थेंब याहून निराळे. त्यांचा अंमल उतरला कीं लाली पुन्हा येते, आणि माणूस त्यांचा बंदा होतो.

पापण्यांच्या कडांना सकाळीं खपल्या धरत असतील, डोक्यांत कोंडा असेल, रांजणवाडी वरचेवर होत असेल, तर दोष बहुधा डोळ्याच्या आंत नसून पापणीच्या कांठावर असतो. स्वच्छ फडकें सोसवेल इतक्या कोमट पाण्यांत पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पांच-दहा मिनिटें ठेवावें, मग बोटानें पापणी कडेच्या दिशेनें हलकेंच दाबावी व कड पुसून घ्यावी. रोज करावें, आठवड्यांनीं गुण येतो. पण याच कांठावर आम्ही काजळ भरतों! घरची काजळी झाली तरी ती दिव्याची काजळीच. आणि सुरम्यांत तर पुष्कळदां शिसें असतें, जें बालकांच्या मेंदूस घातक आहे. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत बोटानें काजळ घालून त्याचे डोळे मोठे होत नाहींत. बोटावरचे जंतू मात्र आंत जातात. दृष्ट लागूं नये म्हणून तीट लावावयाचीच असेल तर ती गालावर लावावी, डोळ्यांत नको.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहिला तिच्याकडे येतों. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, उन्हाळा आला कीं डोळ्यांना असह्य खाज सुटण्याचा एक विकार आमच्या उष्ण प्रदेशांत फार आढळतो. धूळ व फुलांचे पराग यांनीं तो चाळवतो. पन्नास सालानंतर पुण्याकडे प्रथम दिसलेलें व पुढें देशभर माजलेलें गाजरगवत अशा खाजेस कारण होणाऱ्या वनस्पतींत मोडतें. मूल डोळे चोळतें, आणि वर्षानुवर्षें चोळलेलें बुबुळ शंकूसारखें पुढें येऊन दृष्टि बिघडते. आईबाप दुकानांत जातात, दुकानदार एक बाटली देतो, दोन दिवसांत खाज पार जाते. त्या बाटलींत पुष्कळदां स्टेरॉइड असतें! पुढल्या वर्षीं तीच बाटली, त्याच्या पुढल्या वर्षीं तीच. बाटली संपली कीं रिकामें कवच दाखवून नवी आणावयाची, चिठ्ठीची गरज नाहीं. स्टेरॉइडचे थेंब लांबले म्हणजे कित्येकांच्या डोळ्यांतील दाब चढतो, आणि काहींच्या डोळ्यांत तो फारच चढतो. दाब दुखत नाहीं, दिसत नाहीं. कांचबिंदू दृष्टीच्या कडा खात आंत येतो, आणि मुलगा भिंतीला धडकूं लागतो तेव्हां आईबापांस जाग येते. गेलेली दृष्टि मग कोणत्याहि शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं. हीं औषधें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा कायदा आहे. तो मोडणारा दुकानदार दोषी आहेच. पण सहा महिन्यांपूर्वींच्या चिठ्ठीवर शेजाऱ्याच्या मुलाचें औषध आणणारा सुशिक्षित गृहस्थ काय कमी दोषी आहे?

उंसाचें पान लागून बुबुळावर ओरखडा पडलेल्या शेतकऱ्याच्या बाबतींत हीच बाटली आणखी क्रूर ठरते. त्या ओरखड्यांत बुरशी वाढत असेल तर स्टेरॉइडनें ती माजते, आणि डोळ्यांत फूल पडतें. म्हणून बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हीं नांवें दिसलीं तर डॉक्टरानें पाहिल्यावांचून एक थेंबहि घालूं नये. मुलाच्या खाजेवर थंड पाण्याच्या घड्या, बाहेरून आल्यावर तोंड व पापण्या धुणें, उन्हांत टोपी व चष्मा, आणि डॉक्टरानें दिलेले खाज शमविणारे साधे थेंब, यांनीं पुष्कळ मुलें उन्हाळा पार करतात. वयांत आल्यावर बहुतेकांचा हा विकार आपोआप ओसरतो. तोंपर्यंत डोळा शाबूत ठेवणें एवढेंच काम आहे.

चष्म्याचा नंबर न काढल्यानेंहि डोळे शिणतात व चुरचुरतात, हें सांगावयास नकोच. पण उपवर मुलीच्या नाकावर चष्मा दिसला तर स्थळ हातचें जाईल या भीतीनें तिला आंधळेपणानें शिकूं देणारे आईबाप आजहि आहेत, म्हणून सांगावें लागतें. मुलीचे डोळे शिणवून मिळविलेला जांवई महागच पडावयाचा.

डोळा दुखूं लागला, उजेड सोसेनासा झाला, दिसणें मंदावलें, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, किंवा डोळ्यावर बसविण्याचें भिंग वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर घरगुती उपाय तेथेंच थांबवावे व त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा. मध, तूप, आईचें दूध, कोथिंबिरीचा रस हीं डोळ्यांत घालण्याचीं द्रव्यें नव्हेत. पानतंबाखूच्या पुडीतला चुना पोराच्या डोळ्यांत उडाला तर मात्र वैद्याची वाट पाहूं नये. पापणी उघडी धरून निदान पंधरा-वीस मिनिटें स्वच्छ पाण्याची धार सोडावी, चुन्याचे कण निघतील तितके काढावे, आणि मग धांवावें. नेत्रवैद्याकडे जातांना घरांत असतील तेवढ्या साऱ्या बाटल्या बरोबर न्याव्या. कोणती किती दिवस घातली तें सांगावें, रागें भरेल म्हणून एकहि लपवूं नये, आणि डोळ्यांतला दाब मोजून मागावा.